सतरा फरश्यांचा उतार

मंगळवारी सकाळी कुंदा परब जो कागद घेऊन आली, त्यातलं एक क्रियापद सव्वादोन किलोचं होतं. बाकीचा कागद कुठल्याही कागदाइतकाच हलका होता. तिने तो कापडी पिशवीत घालून दोन्ही हातांनी आणला, आणि माझ्या टेबलावर ठेवल्यावर तिने मनगटं चोळली.

"बाई, रिक्षावाला म्हणाला, पिशवीत पाटा आहे का?"

"सगळा कागद जड आहे का एकच जागा?"

"एकच जागा. खालून तिसरी ओळ."

माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या वैजूने काटा आणला. आम्ही कागद त्यावर ठेवला आणि तिसरी ओळ काट्याच्या मधोमध आणली. सव्वादोन. वैजू म्हणाली, "आजी, यापेक्षा माझा भोपळा हलका."

मी फ्रेंच कागदांचा इंग्रजी अनुवाद करत आले आहे, त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. खरेदीखतं, मृत्यूचे दाखले, वाटण्या, विम्याची पत्रं. जड शब्द मी पूर्वीही पाहिले आहेत. पण ते पाव किलो, फार तर अर्धा किलो. आणि तेव्हा माझ्याबरोबर कारखानीस होते.

कुंदाचे वडील विश्राम मयेकर बोटीवर इंजिन-रूममध्ये फिटर होते. ती तीन वर्षांची असताना ते गेले आणि परत आले नाहीत. मार्सेय बंदरात राहिले, तिथेच वारले, तिथेच पुरले गेले. आता त्या कबरीची मुदत संपत होती. कोणी दावा केला नाही, तर हाडं काढून सगळ्यांच्या खड्ड्यात टाकतात. ती इकडे आणून देणारी कंपनी लंडनची होती, तिला कागद इंग्रजीत हवा होता, आणि खाली अनुवादकाची सही हवी होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता कागद निघाला पाहिजे.

"एकच वाक्य आहे बाई," कुंदा म्हणाली. "त्यात माझं नाव आहे. तेवढं मला वाचता आलं."

मार्सेयच्या नोटरीने लिहिलेलं ते वाक्य असं होतं: विश्राम मयेकर अमुक तारखेला मार्सेय येथे मरण पावले, आणि पुणे येथे कुंदा नावाची एक मुलगी त्यांनी... आणि पुढे ते क्रियापद. 'देलेसे'. त्याचा अर्थ मागे ठेवून जाणं असा होतो. टाकून देणं असाही होतो. फ्रेंचमध्ये दोन्ही एकाच घरात राहतात. इंग्रजीत त्यांना वेगवेगळी घरं आहेत आणि त्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं नाही.

मी हे कुंदाला सांगितलं. टाकून दिलेल्या मुलीला ती कंपनी काही देणार नव्हती, तेही सांगितलं.

तिने पर्समधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. एक उंच माणूस, समुद्राकडे पाठ करून उभा. खांद्यावर फ्रॉक घातलेली मुलगी. त्याने तिचे दोन्ही घोटे हातांनी धरलेले.

"ही मी," ती म्हणाली. "इतका घट्ट धरणारा माणूस टाकतो का? पण बाई, तुम्ही माझ्याकडे बघून लिहू नका. जे आहे तेच लिहा. खरं काय ते मला एकदा कळू दे."

ती उठली. शाळेत खेळ शिकवायची ती. साठीला आली तरी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरते. मी तिची पावलं खालपर्यंत ऐकली. मग मोरंब्याच्या जुन्या बरणीतून एक चिंचोका काढला आणि त्या शब्दावर ठेवला.

हा आमच्या कचेरीतला रिवाज. लष्कर भागात एका पारशी वकिलाच्या ऑफिसच्या वर आमची अनुवादाची खोली होती. तिथे कोणताही अनुवाद एकट्याने पुरा होत नसे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने अनुवादावरून बोट फिरवायचं. जिथे शंका, तिथे चिंचोका. खरा शब्द सापडला की बोट फिरवणाऱ्याने चिंचोका उचलून वाचणाऱ्याच्या हातात द्यायचा. चिंचोका असलेल्या कागदावर सही नाही. आणि सही पुरी होईपर्यंत बोट ओळीवरून उचलायचं नाही. वाचणारी मी असे. बोट कारखानिसांचं. लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतर अडतीस वर्षं, पडताळणीला बसलं की ते मला माझ्या माहेरच्या आडनावाने हाक मारत. "वाचा, दिघे." मीही त्यांना कारखानीस म्हणे. घरी मात्र चारचौघांसारखं अहो आणि अगं.

ते जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी एकही सही केलेली नाही. कुंदाला मी हे सांगायला हवं होतं.

चिंचोका ठेवल्यावर तासाभरात टेबलाचा एक पाय फरशीत करंगळीएवढा खचला. संध्याकाळी वैजूच्या हातून चमचा पडला, तो स्वयंपाकघरातून निघून माझ्या पायापाशी येऊन थांबला. मग एक मोती आला, जो माझ्या पुतणीच्या लग्नात हरवला होता. मग तीन बटणं, एक जायफळ, आणि विणायची एक सुई. घर टेबलाकडे उतरतं झालं होतं.

"पाण्याचा पिंप उद्या भिंतीला टेकवून ठेवते," वैजू म्हणाली आणि घरी गेली.

बुधवारी सकाळी आठ वाजता तिने मला हाक मारली.

"आजी, काका आलेत. चहा दोन कप ठेवू का तीन?"

मागच्या खोलीत खिडकीशी कारखानिसांची वेताची खुर्ची असते. तिच्यावर कोणी बसत नाही. ती खुर्ची आता मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर होती आणि तिच्यात कारखानीस होते. करड्या स्वेटरमध्ये, जो मी पाच वर्षांपूर्वी पोस्टमनला देऊन टाकला. हात खुर्चीच्या हातांवर. तोंड टेबलाकडे.

"तुम्ही कसे?" मी विचारलं.

"उतार आहे," ते म्हणाले.

मी फरश्या मोजल्या. खिडकीपासून टेबलापर्यंत सतरा. ते चौथ्या फरशीवर होते.

"आणखी जवळ येता येईल?"

"मी कुठे येतोय? घर आणतंय."

वैजूने चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि तसाच धरून ठेवला. चहा पिण्याची त्यांची तयारी दिसत नव्हती. वाफ त्यांच्या चष्म्यावर जमत नव्हती.

मी कामाला बसले. त्यांच्याकडे पाठ होऊ नये म्हणून खुर्ची फिरवून घेतली. दहाच्या सुमाराला मला अडुसष्ट सालातली पाँडिचेरीची बाई आठवली. नवऱ्याच्या मृत्यूचा कागद घेऊन ती आमच्या कचेरीत आली होती. प्रवासात दोन दिवस गेले होते, आणि तिने डबा उघडून आम्हालाच लिंबूभात वाढला. तिचा नवरा शाळामास्तर. तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला, असं ती भात वाढता वाढता म्हणाली. आणि तिच्या नोटरीनेही हेच क्रियापद लिहिलं होतं. मांडीवर डोकं ठेवून मरणारा बायकोला टाकून देत नाही. त्या जुन्या नोटऱ्यांची ही नेहमीची लिहिण्याची रीत होती. मरणाऱ्याच्या मागे जो कोणी जिवंत उरे, त्याच्यासाठी ते हाच शब्द वापरत. मार्सेयचा हा नोटरी त्याच पठडीतला होता. बाकी वाक्याची ठेवण सबंध तीच.

मयेकरांनी मुलगी मागे ठेवली होती. टाकली नव्हती. इंग्रजी शब्द मला समोर ठेवल्यासारखा दिसला.

मी चिंचोका उचलला.

टेबलाचा पाय वर आला. जायफळ जिकडून आलं तिकडे परत निघालं. आणि उंबऱ्यावर लाकूड करकरलं. खुर्ची अर्धी फरशी मागे सरकली होती. कारखानिसांच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळून त्यांच्या अंगठ्यावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

मी चिंचोका परत शब्दावर ठेवला.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्या धंद्यात कोणी करत नाही. बरणीतून दुसरा चिंचोका काढला आणि तो तारखेवर ठेवला. तारखेत शंका नव्हती. बारा नोव्हेंबर, अक्षरात आणि आकड्यात. पण टेबल लगेच खचलं आणि खुर्ची सातव्या फरशीवर आली. तिथून मला त्यांच्या उजव्या कानाची पाळी दिसू लागली. लहानपणी कुत्रा चावल्याची तिच्यावर खूण आहे. ती मी विसरले होते.

दुपारी वैजू कॅलेंडरसमोर उभी होती. "आजी, आज कुठला वार? माझ्या उपासाचा घोळ झाला." कॅलेंडरवर चौकोन होते, आकडे नव्हते. पेपरच्या माथ्यावरही जागा कोरी होती. मी वार फरश्यांवरून धरायला लागले.

तिसरा चिंचोका मी मार्सेयवर ठेवला. खुर्ची नवव्या फरशीवर आली. आता आम्ही आवाज न चढवता बोलू शकत होतो.

"कडुनिंब तोडला का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"फांद्या तोडल्या. झाड आहे."

"आणि तुमचा गुडघा?"

"आहे तसाच."

"म्हणजे जिना?"

"वैजू सोबत असली तर."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चिंचोके किती आहेत?"

"एक," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "बरं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कुंदाचा फोन आला. "बाई, हसू नका. बाबा कुठल्या गावी राहिले होते हो? जिभेवर आहे, पण येत नाही. तीन जणांना विचारलं."

मी तिला गावाचं नाव सांगू शकले असते. मी कागदाकडे पाहिलं. चिंचोक्याखाली काय आहे ते मलाही खात्रीने सांगता येईना.

"आठवेल," मी म्हणाले. "कागदावर आहे ना."

"हो, कागदावर आहे," ती म्हणाली. तिचा लगेच विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बहुधा गुरुवारी, मी चौथा चिंचोका 'मरण पावले' या शब्दांवर ठेवला. ठेवताना माझा हात थांबला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. खुर्ची चौदाव्या फरशीवर येऊन थांबली आणि कारखानिसांनी कप तोंडाला लावला. घोट घेताना त्यांचा गळा हलला. चष्म्यावर वाफ जमली.

"साखर जास्त आहे," ते म्हणाले.

"वैजूचा हात. मी तिला रोज सांगते."

"काका, आजी कधी सांगत नाहीत," वैजू आतून ओरडली. "खोटं आहे ते."

ते हसले. त्यांना ठसका लागला, आणि मी तीन फरश्या चढून जाऊन त्यांची पाठ चोळली. पाठ ऊबदार होती. स्वेटरला पोस्टमनच्या पिशवीचा, खळीचा वास होता. दुपारभर आम्ही तसेच होतो, मी उताराला पाठ लावून खाली बसलेली आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर. खाली उतरताना मी लोळण घेऊ नये म्हणून वैजूने माझ्या पायाशी पाटा लावून ठेवला.

चार वाजता फोन वाजला. वैजूने तो दोरीला बांधून माझ्याकडे सोडला.

"बाई, विचारायला चमत्कारिक वाटतं," कुंदा म्हणाली. "पण बाबा गेलेत ना? मी सकाळपासून दोनदा दार उघडून पाहिलं. कोणी नव्हतं. पण जेवायचं पान मात्र मांडून बसलेय."

कारखानिसांचा हात माझ्या केसांत होता.

"शुक्रवारी बोलू," मी म्हणाले.

"शुक्रवार कधी आहे?"

मी फोन ठेवला.

तीन फरश्या उरल्या होत्या. कागदावर आता एकच शब्द असा उरला होता ज्यावर चिंचोका ठेवता आला असता. तो म्हणजे 'मुलगी'. तो सगळ्यात छोटा शब्द. शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. सकाळी उजाडल्यावर मी तो पाचवा चिंचोका ठेवला. घर कण्हलं, पाण्याचा पिंप भिंतीवरून घसरला, वैजूच्या डब्यांची झाकणं, पोळपाट आणि माझ्या सहा वर्षांतल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या खळखळत खाली आल्या, आणि वेताची खुर्ची माझ्या खुर्चीला येऊन लागली. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलाची आपल्यापुरती जागा पुसली. पडताळणीच्या आधी ते नेहमी पुसत.

अकराच्या आसपास जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी, मध्ये थांबत. मला वाटलं, दुसरंच कोणी असेल. दारात कुंदा उभी होती. रिकामी कापडी पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"माझं इथे काही होतं का?" तिने विचारलं.

"या, बसा."

"बसते. पण मी कोणाची काय म्हणून आले, ते जरा सांगाल का? जिन्यात आठवत होतं." ती दाराच्या चौकटीला धरून उतारावरून खाली आली आणि स्टुलावर बसली. तिने कारखानिसांकडे पाहिलं. "तुम्ही माझे कोणी आहात का?"

"नाही हो," कारखानीस म्हणाले. "मी यांचा."

"बरं आहे," कुंदा म्हणाली. "कोणी कोणाचं असलेलं बरं."

टेबलावर तिचा फोटो मंगळवारपासून तसाच होता. उंच माणूस समुद्राकडे पाठ करून उभा होता. खांदे मोकळे होते. त्याचे दोन्ही हात छातीपाशी वर धरलेले होते आणि बोटं घट्ट मिटलेली होती, दोन घोट्यांएवढी जागा आत ठेवून.

मी तो फोटो पाहिला. कारखानिसांनीही पाहिला. मग त्यांनी चष्मा सारखा केला, बोट अनुवादाच्या पहिल्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले,

"वाचा, दिघे."

"कारखानीस, थोडं थांबू या?"

"त्यांचा कागद बाराला जायचाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी चौथ्या फरशीवर असल्यापासून ऐकतोय. वाचा."

वैजूने पदराला हात पुसले आणि दारात येऊन उभी राहिली. मी वाचायला लागले. आमच्या कचेरीत आजूबाजूचे शब्द आधी सोडवत आणि अडलेलं क्रियापद शेवटी घेत. 'मुलगी' या शब्दाशी त्यांचं बोट थांबलं.

"इथे शंका आहे?"

"नाही."

"मग हा इथे कसा?"

त्यांनी दुसऱ्या हाताने चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ बंद केली. घर एकदा हललं. खुर्ची मागे ओढली गेली, पण मी टेबलाखालून तिच्या पायात पाय अडकवला होता. कुंदा स्टुलावर ताठ झाली. "अगंबाई," ती म्हणाली. "मी मयेकरांची." आणि फोटोकडे न बघता तिने स्वतःचे घोटे चाचपले.

मार्सेय. चिंचोका निघाला. कुंदा ते नाव दोनदा मोठ्याने म्हणाली. तारीख. चिंचोका निघाला, आणि वैजू दारातून ओरडली, "शुक्रवार! म्हणजे माझा उपास झालाच नाही!" प्रत्येक वेळी खुर्ची झटका देत होती आणि माझा दुखरा गुडघा तिला धरून होता.

'मरण पावले' या शब्दांपाशी त्यांचं बोट सगळ्यात जास्त वेळ थांबलं.

"इथे?" त्यांनी विचारलं.

कुंदा माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत अजून ते मांडलेलं पान होतं. घरी भात निवत असेल.

"इथे शंका नाही," मी म्हणाले.

त्यांनी चिंचोका माझ्या हातात दिला तेव्हा त्यांची बोटं कोमट होती. मागे घेतली तेव्हा गार होती. चष्म्यावरची वाफ गेली. कुंदाने डोळ्यांना पदर लावला आणि थोडा वेळ रडली, माणूस गेल्यावर रडतात तशी, घाई न करता. वैजूने तिला पाणी दिलं.

आता एकच उरला. खरा.

"शब्द आहे?" कारखानिसांनी विचारलं.

"आहे."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. दहा वाजल्यापासून."

मला वाटलं, ते रागावतील. कचेरीत एकदा मी शंका नसताना एक चिंचोका ठेवला होता, चहाची वेळ लांबावी म्हणून, आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. आता ते ओठ मुडपून हसले. हसताना ते कानाच्या पाळीकडे मान वळवतात.

"दिघे, तुम्ही पहिल्यापासून हळू," ते म्हणाले. "बोला."

मी इंग्रजी शब्द बोलले. त्यांनी कोऱ्या जागेवर बोटाने आधी त्याचा अदमास घेतला, मग मान हलवली. मी तो लिहिला. कुंदाला मी मराठीत सांगितलं, "त्यांच्या मागे तुम्ही होतात. एवढंच लिहिलंय त्यांनी. टाकल्याचं काही नाही."

"नाही ना?"

"नाही."

"मग पाय इतका वेळ दुखत का होते माझे," कुंदा म्हणाली, आणि हसली, आणि फोटो उचलून पर्समध्ये ठेवताना तिने तो पाहिला. मीही पाहिला. मुलगी खांद्यावर होती.

कारखानिसांनी शेवटचा चिंचोका माझ्या हातात दिला. पाच झाले. घर स्वयंपाकघराच्या बाजूने सपाट व्हायला लागलं. पिंप सरळ झाला, मोती उलटा निघाला, बटणं त्याच्या मागून गेली. माझा पाय खुर्चीच्या पायातून सुटला. मी तो सोडवला नाही, सुटला.

खुर्ची निघाली. पण सही व्हायची होती, आणि सही पुरी होईपर्यंत बोट ओळीवरून उचलायचं नाही, हा नियम त्यांनी चाळीस वर्षांत मोडला नव्हता. त्यांनी बोट उचललं नाही. बोटाबरोबर ओळ निघाली. कागदावरून शाई सुटली आणि काळ्या रेशमासारखी टेबलाच्या कडेवरून खाली उतरली, सोळाव्या फरशीवरून पंधराव्या, पंधराव्यावरून चौदाव्या. त्यांचा हात पुढे, तर्जनी ताठ. मी डाव्या अंगठ्याने ओळीचं पहिलं अक्षर कागदावर दाबून धरलं, नाहीतर सगळंच वाक्य गेलं असतं.

"बाई, पावणेबारा," कुंदा हळूच म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"करा सही," नवव्या फरशीवरून कारखानीस म्हणाले. "मी धरलंय इकडून."

लग्नानंतर मी नेहमी दोनच अक्षरांची सही केली. ह. का. हजारो कागदांवर ती आहे; एक श्वाससुद्धा लागत नाही. मी पेन टेकवलं आणि पूर्ण नाव लिहायला घेतलं. असं मी कधी लिहिलं नव्हतं. कुंदाने घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळ पालथं ठेवलं. सातवी फरशी. सहावी. ओळ ताणली जाऊन वाजायला लागली, वैजू तिच्याखालून वाकून पलीकडे गेली आणि मागच्या खोलीचं दार मिटू नये म्हणून त्याला पाचर लावून आली.

'हेमलता' लिहून झालं तेव्हा खुर्ची उंबऱ्यावर पोचली होती. पुढे मधलं नाव होतं, त्यांचं, जे मी अडतीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. मी त्याचं पहिलं अक्षर काढलं, आणि खुर्ची थांबली.